देशाची पत आणि नाण्याचें मोल

पैसा मिळविणें कठीण आणि मिळविलेला पैसा राखणें त्याहूनहि कठीण, हा संसारी माणसाचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. पूर्वीं राखणें म्हणजे चोरापासून राखणें असे. तिजोरीला भक्कम कुलूप घातलें कीं धन्याला सुखानें झोंप लागे. आतां पैशाच्या मागें असे दोन चोर लागले आहेत कीं, त्यांना कुलुपाची मुळींच अडचण पडत नाहीं. एक महागाई व दुसरा हुंडणावळीचा दर. पहिला घरांत ठेवलेल्या नाण्याची खरेदीची शक्ति हळूहळू चोरतो. दुसरा परमुलुखांत ठेवलेला पैसा परत येतांना वेशीवरच त्याचें मोल कमी करतो.

एकेकाळीं या दुसऱ्या चोराची चिंता पेढीवाले व आयात-निर्यातीचे व्यापारी यांनाच असे. परंतु २००४ सालीं रिझर्व्ह बँकेनें सामान्य रहिवाशाला दरसाल २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं पाठविण्याची मुभा दिली आणि २०१५ सालीं ती मर्यादा २,५०,००० डॉलरपर्यंत वाढविली. तेव्हांपासून मुंबई-पुण्याच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांतहि हा प्रश्न निघूं लागला आहे. मुलगा परदेशीं नोकरीस असतो, नातीचें शिक्षण तिकडे व्हावयाचें असतें, आणि निवृत्त वडिलांना भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातीं आलेली असते. ती सर्व एकाच देशाच्या भरंवशावर ठेवावी, कीं तिचा कांहीं भाग दुसरीकडे ठेवावा? आणि दुसरीकडे म्हणजे कोठें? वीस-पंचवीस वर्षांचा विचार करावयाचा तर उत्तर चुकल्याचें प्रायश्चित्त म्हातारपणीं भोगावें लागतें, जेव्हां पुन्हां मिळविण्याची शक्ति उरलेली नसते.

जुना सावकार कुळाला कर्ज देई, तेव्हां तो अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडीत नसे. कूळ काय पिकवितें, त्यावर आणखी कोणाचें देणें आहे, कणगींत शिल्लक किती आहे, घरचा कारभार कोण व कसा पाहतो, आणि कुळाचा शब्द आजवर खरा ठरला आहे कीं नाहीं, एवढी चौकशी करून तो कागद करी. एखाद्या राष्ट्राच्या कर्जरोख्यांत, बँकेंत किंवा कारखान्यांच्या भागांत पैसा गुंतविणारा मनुष्य हा त्या राष्ट्राचा सावकारच होय. फरक एवढाच कीं, गांवच्या सावकाराला कूळ डोळ्यांसमोर दिसे व कचेरीहि जवळ असे. राष्ट्ररूपी कूळ समुद्रापलीकडे असतें आणि त्याच्या घरावर जप्ती बजावणारा बेलीफ जगांत कोठेंहि नाहीं. म्हणून सारी चौकशी आधींच करावयाची.

ही चौकशी न करतां केवळ व्याजाच्या दराकडे पाहिलें म्हणजे काय होतें, याचा धडा दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना या देशानें जगाला एकदां नव्हे, अनेकदां दिला आहे. जून २०१७ मध्यें त्या देशाच्या सरकारनें शंभर वर्षांच्या मुदतीचे २७५ कोटि डॉलरांचे कर्जरोखे विक्रीस काढले. त्यांवर जवळजवळ आठ टक्के उत्पन्न मिळावयाचें होतें. त्या वेळीं श्रीमंत देशांत व्याज नांवापुरतेंच उरलें होतें. स्वित्झर्लंडमध्यें तर तें शून्याच्याहि खालीं गेलें होतें. साहजिकच विक्रीस असलेल्या रोख्यांच्या तिपटीहून अधिक मागणी आली. शंभर वर्षांची मुदत. पण तिसरें वर्ष पुरें होतें न होतें तोंच, मे २०२० मध्यें, त्या सरकारनें परकीय कर्जावरील व्याजाचा हप्ता थकविला आणि ऑगस्टमध्यें सावकारांशीं तडजोड करून जुन्या रोख्यांच्या जागीं कमी व्याजाचे नवे रोखे त्यांच्या हातीं ठेवले. त्या बदलांत हा शतवर्षीय रोखाहि आला. अर्जेंटिनाच्या इतिहासांतील ही नववी नादारी, अशी तिची गणना करण्यांत येते.

हा देश मूळचा दरिद्री असता तर गोष्ट वेगळी होती. १९१३ च्या सुमारास अर्जेंटिनाचें दरडोई उत्पन्न इटलीहून पुष्कळ अधिक व फ्रान्स-जर्मनीच्या तोडीचें होतें. गहूं व गोमांस यांनीं भरलेलीं जहाजें युरोपकडे जात आणि इंग्रजी भांडवलानें बांधलेल्या आगगाड्या गवताळ मैदानांतून धांवत. जमीन सुपीक, लोक शिकलेले, बंदरें चांगलीं. मग बिघडलें कोठें? बिघडलें तें कारभारांत. सरकारचा खर्च मिळकतीबाहेर जावा आणि तूट भरण्यासाठीं नोटा छापाव्या, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. नाण्यावरील शून्यें वाढत गेलीं आणि सरकारें तीं पुसून नवें नाणें काढीत गेलीं. १९७० सालीं दोन शून्यें पुसलीं, १९८३ सालीं चार, १९८५ सालीं तीन आणि १९९२ सालीं पुन्हां चार. म्हणजे १९६९ पर्यंत चाललेल्या जुन्या पेसोचे दहा लक्ष कोटि एकत्र करावे, तेव्हां १९९२ चा एक पेसो व्हावा! ज्या कुटुंबानें १९६५ सालीं मुलीच्या लग्नासाठीं रोख शिल्लक बाजूला ठेवली असेल, त्याच्या हातीं काय उरलें असेल याचा हिशेब करण्यास पाटीवर जागा पुरणार नाहीं.

यावर उपाय म्हणून एप्रिल १९९१ पासून कायद्यानेंच डॉलर व स्थानिक नाणें यांची सांगड घालण्यांत आली आणि नवा पेसो निघाल्यावर एक पेसो म्हणजे एक डॉलर असें समीकरण झालें. महागाई थांबली. लोकांना वाटलें, आतां चिंता सरली. परंतु नाणें कायद्यानें बांधलें तरी सरकारचा हात कांहीं बांधला गेला नाहीं. परकीय कर्ज वाढतच राहिलें आणि महाग पेसोमुळें निर्यात खुंटली. डिसेंबर २००१ मध्यें ठेवीदारांनीं बँकांकडे धांव घेतली, तेव्हां आठवड्याला २५० पेसोंहून अधिक रोकड काढण्यास सरकारनें मनाई केली. बुएनोस आयरेसच्या रस्त्यांवर गृहिणी स्वयंपाकघरांतील पातेलीं घेऊन आल्या आणि तीं बडवून त्यांनीं आपला संताप प्रकट केला. जानेवारी २००२ मध्यें ती डॉलरची सांगड तुटली. ज्यांनीं शहाणपणानें डॉलरमध्येंच ठेव ठेवली होती, तेहि सुटले नाहींत. त्यांच्या प्रत्येक डॉलरामागें १.४० पेसो देण्याचें सरकारनें ठरविलें. पण त्या वर्षाच्या मध्यास बाजारांत डॉलरला साडेतीन पेसोंहून अधिक पडत होते. हजार डॉलरांच्या ठेवीचें मोल त्या भावानें चारशें डॉलरच राहिलें. ठेव कोणत्या नाण्यांत आहे एवढें पाहून भागत नाहीं. ती कोणत्या सरकारच्या हुकमतीखालीं आहे, हेंहि पाहावें लागतें.

आतां सावकाराची चौकशी क्रमानें घेऊं. पहिला प्रश्न पिकाचा. देशाचें उत्पन्न वाढतें आहे काय, हें पाहतांनाच तें किती प्रकारांनीं येतें हें पाहावें. एकाच पिकावर जगणारें कूळ पहिल्या अवर्षणांतच उघडें पडतें. व्हेनेझुएला या देशाच्या निर्यातीचें नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न खनिज तेलापासून येत असे. २०१४ सालीं तेलाचे भाव कोसळले, त्यांत कारभाराच्या चुकांची भर पडली आणि २०१८ सालीं तेथील महागाई वर्षाला एक लक्ष टक्क्यांपलीकडे गेली. २००८, २०१८ व २०२१ या तीन वर्षीं मिळून त्या नाण्यावरील चौदा शून्यें पुसावीं लागलीं. जगांतील सर्वांत मोठे तेलाचे सांठे पायांखालीं असून ही दशा! उलट, स्वित्झर्लंडला ना समुद्र, ना तेल, ना सोन्याच्या खाणी. परंतु औषधें, यंत्रें, घड्याळें आणि पेढ्यांचा व्यवहार असे उत्पन्नाचे झरे अनेक असल्यामुळें एक आटला तरी विहीर कोरडी पडत नाहीं.

दुसरा प्रश्न कर्जाचा. येथें केवळ बेरीज पाहणारा फसतो. जपान सरकारचें कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहूनहि अधिक आहे. पण तें येनमध्यें आहे, आणि सावकार बहुतांशीं जपानी लोक व जपानी संस्थाच आहेत. घरच्या वडिलांनीं मुलांकडून घेतलेल्या उसनवारीसारखें तें आहे. भार आहे खरा, पण दारांत परका वसूलदार उभा नाहीं. श्रीलंकेचें कर्ज प्रमाणानें पुष्कळ लहान होतें. परंतु त्याचा मोठा भाग डॉलरांत व परक्यांकडून घेतलेला होता. २०१९ सालीं करांत मोठी सूट दिल्यानें सरकारची मिळकत घटली, साथीच्या रोगानें प्रवाशांचें येणें बंद पडलें, आणि एप्रिल २०२२ मध्यें परकीय कर्जाची फेड थांबवीत असल्याचें त्या सरकारला जाहीर करावें लागलें. डॉलरचा भाव सुमारें २०० श्रीलंकी रुपयांवरून थोडक्या आठवड्यांत ३५० च्या पलीकडे गेला. पेट्रोल व औषधें यांसाठीं लोकांनीं रांगा लावल्या. तात्पर्य, कर्ज किती हें विचारण्याबरोबर तें कोणाचें, कोणत्या नाण्यांत व किती मुदतीचें, हेंहि विचारलें पाहिजे.

तिसरा प्रश्न कणगीचा, म्हणजे परकीय चलनाच्या गंगाजळीचा. निदान तीन महिन्यांची आयात भागेल इतकी गंगाजळी असावी, असा एक स्थूल नियम अर्थतज्ज्ञ मानीत आले आहेत. तो मोडला म्हणजे काय होतें, हें भारतानें १९९१ सालीं अनुभवलें. आखाती युद्धामुळें तेल महागलें, परदेशस्थ भारतीयांच्या ठेवी निघून जाऊं लागल्या आणि गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली. तेव्हां रिझर्व्ह बँकेनें सुमारें ४७ टन सोनें परदेशीं पाठवून त्याच्या तारणावर सुमारें ४० कोटि डॉलरांचें कर्ज मिळविलें. घरांतील सोनें गहाण टाकण्याची लाज ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला त्या प्रसंगाचें गांभीर्य सांगावयास नको. तथापि एक गोष्ट भारताच्या खात्यावर जमेस आहे. एवढी अडचण असून त्यानें कोणाचाहि हप्ता चुकविला नाहीं. सोनें गेलें, पण पत राहिली. आणि पुढील वर्षांत भांडवल आलें तें त्या पतीवर.

चौथा प्रश्न घरच्या कारभाऱ्याचा. नाणें पाडण्याचा किंवा नोटा छापण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, त्याला मर्यादा कोणती? १९१४ पूर्वीं एका डॉलरला ४.२ जर्मन मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्यें ४.२ लक्ष कोटि पडूं लागले. युद्धाचें देणें व सरकारची तूट नोटांनीं भरण्याचा तो परिणाम. त्याच १९२३ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडनमध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. नाण्याचा पुरवठा राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडूं नये, त्यास ठाम मर्यादा असावी, हा त्यांतील एक मुख्य आग्रह. शंभर वर्षें झालीं तरी तो शिळा झालेला नाहीं. तुर्कस्तानांत जुलै २०१९ ते मार्च २०२१ या अवघ्या वीस महिन्यांत मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर काढून टाकण्यांत आले आणि महागाई चढत असतांनाच व्याजाचे दर उतरविण्यांत आले. २०२१ च्या आरंभीं डॉलरला सुमारें साडेसात लिरा पडत, ते वर्षअखेरीस तेराच्या घरांत गेले. ऑक्टोबर २०२२ मध्यें महागाई शेंकडा ८५ झाली. कारखाने चालू होते, शेतें पिकत होतीं. ज्याच्या हातीं टांकसाळ त्याच्यावरचा विश्वास मात्र उडाला होता.

पांचवा प्रश्न शब्दाचा. येथें इतिहास हाच साक्षीदार. कर्ज बुडविलें होतें काय, परक्यांची मालमत्ता योग्य मोबदला न देतां ताब्यांत घेतली होती काय, न्यायालय सरकारविरुद्ध निकाल देऊं शकतें काय, हें सर्व पाहावें. यांतच आंकड्यांचा खरेपणाहि येतो. २००७ नंतर कित्येक वर्षें अर्जेंटिनाचें सरकार महागाईचे आंकडे खऱ्याहून फार कमी दाखवीत होतें. शेवटीं फेब्रुवारी २०१३ मध्यें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनें त्याबद्दल त्या देशाला उघड ठपका दिला. जें कूळ वही खोटी लिहितें, त्याच्या पिकाची चर्चा करण्यांत अर्थ नाहीं.

या पांचही प्रश्नांना चांगलीं उत्तरें मिळालीं तरी एक सहावा प्रश्न उरतो, आणि शहाणेसुर्ते लोक तोच विसरतात. तो म्हणजे किंमतीचा. चांगली वस्तु भलत्या भावानें घेणें हाहि तोटाच. १९८९ च्या अखेरीस जपान हें उद्योग, शिस्त व बचत यांचें आदर्श राष्ट्र गणलें जात होतें आणि तोकियोच्या शेअरबाजाराचा निर्देशांक ३८,९१५ वर पोंचला होता. त्या दिवशीं ज्यानें भाग घेतले, त्याला तोच आंकडा पुन्हां दिसण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावें लागलें. चौतीस वर्षें! तोंवर तिशीचा मनुष्य चौसष्टीला आला. देश बुडाला नव्हता. भाव मात्र भलताच चढलेला होता.

यापुढें हिशेब राहतो, तो अगदीं शाळेंतला आहे. एखाद्या देशांत ठेवीवर शेंकडा १२ व्याज मिळतें आणि तेथील नाणें रुपयाच्या तुलनेनें दरसाल शेंकडा १० घसरतें, असें धरा. शंभराचे वर्षअखेर ११२ होतात; त्यांतून एक दशांश, म्हणजे ११.२०, हुंडणावळींत जातात. हातीं उरतात १००.८०. बारा टक्क्यांच्या आशेनें गेलेल्यास एक टक्काहि मिळाला नाहीं! उलट ३ टक्के देणारें नाणें जागच्या जागीं राहिलें, तर शंभराचे १०३ होतात. म्हणून मोठें व्याज दिसलें कीं, ही देणगी आहे कीं धोक्याचा मोबदला आहे, असें आधीं विचारावें. बहुधा तें दुसरेंच असतें. महागाईसाठींहि एक सोपी कसोटी आहे. बहात्तर या आंकड्याला महागाईच्या टक्क्यांनीं भागावें. येईल तितक्या वर्षांत पैशाचें मोल अर्धें होतें. सहा टक्क्यांना बारा वर्षें, तीन टक्क्यांना चोवीस वर्षें.

रुपयालाहि हीच फूटपट्टी लावली पाहिजे. सप्टेंबर १९४९ च्या अवमूल्यनानंतर डॉलरचा भाव ४.७६ रुपये ठरला. जून १९६६ मध्यें तो ७.५० झाला, जुलै १९९१ मध्यें सुमारें २१ वरून २६ वर गेला, २०२२ सालीं त्यानें ८० ओलांडले. १९६६ पासूनची सरासरी काढली तर डॉलर दरसाल चार टक्क्यांच्या आसपास महाग होत गेला, असें दिसतें. ही घसरण अर्जेंटिनासारखी दरड नव्हे, उतार आहे. पण ज्याचा पुढचा खर्च डॉलरांत व्हावयाचा आहे, त्यानें हा उतार हिशेबांत धरलाच पाहिजे. ज्याचें भाडें, भाजी व औषधपाणी रुपयांतच व्हावयाचें, त्यानें मात्र सर्व पुंजी परक्या नाण्यांत नेऊन ठेवणें हेंहि एक साहसच होय.

कारण दृढ नाण्यालाहि त्याची बाजू आहे. १९७० सालीं एका डॉलरला चारांहून अधिक स्विस फ्रँक मिळत. २०११ पासून बहुतेक काळ एकाच्याच आसपास मिळत आले आहेत. सरकारी कर्जाला लगाम घालणारी तरतूद त्या देशाच्या जनतेनें २००१ सालीं मोठ्या बहुमतानें मंजूर केली आणि ती २००३ पासून पाळली गेली. परंतु याच फ्रँकमध्यें स्वस्त व्याज पाहून पोलंडमधील हजारों कुटुंबांनीं घरांसाठीं कर्जें घेतलीं होतीं. १५ जानेवारी २०१५ रोजीं स्विस मध्यवर्ती बँकेनें युरोशीं ठरविलेली मर्यादा एकाएकीं काढून घेतली, फ्रँक वर उसळला आणि त्या कुटुंबांचें देणें एका सकाळींत फुगलें. मिळकत एका नाण्यांत आणि देणें दुसऱ्या नाण्यांत, ही घडी कितीहि स्वस्त दिसली तरी भरंवशाची नाहीं. येनहि असाच, २०११ सालीं डॉलरला सुमारें ७६ मिळत, ते जुलै २०२४ मध्यें १६० वर मिळाले.

यावरून कोणतेंहि एक नाणें सदासर्वकाळ सुरक्षित नाहीं, हें उघड होतें. तेव्हां गृहस्थानें काय करावें? ज्या नाण्यांत पुढें खर्च व्हावयाचा, त्यांत मुख्य ठेव असावी. बाकीचा भाग पारखून घेतलेल्या दोन-तीन देशांत वांटावा. सर्व बियाणें एकाच वावरांत पेरूं नये. वर्षांतून एकदां, हिशेबाच्या वह्या पुऱ्या करतांना, वरील सहा प्रश्न पुन्हां विचारावे. पीक कसलें, देणें कोणाचें, कणगी किती, कारभारी कसा, शब्द खरा कीं खोटा, आणि भाव वाजवी कीं भलता. उत्तरें बदललीं तर पैशाची जागा बदलावी. व्याजाच्या दराची जाहिरात पाहून मात्र बदलूं नये.

बुएनोस आयरेसच्या रस्त्यावर पातेलें बडविणाऱ्या त्या गृहिणींनीं उधळपट्टी केलेली नव्हती. त्यांनीं जन्मभर काटकसर केली होती, आणि बँकेच्या पुस्तकावर त्यांची शिल्लक शेवटच्या दिवसापर्यंत पुरी दिसत होती. काटकसर हा सद्गुण आहे. पण तो ज्या देशाच्या व ज्या नाण्याच्या स्वाधीन करावयाचा, त्याची पारख करणें हा त्या सद्गुणाचाच उरलेला अर्धा भाग आहे.